गाडीच्या अंगावर काटा

खाप्याच्या बापूजींनी अँबेसेडर घेतली तेव्हा गावाला वाटलं, म्हातारा आता तरी बैलांचा नाद सोडेल. कशाचं काय! म्हाताऱ्यानं गाडी गोठ्यातच आणून बांधली. बांधली म्हणजे अगदी दोरीनं नव्हे, पण दोन बैलांच्या शेजारची जागा झाडून, सारवून तिथं तिला उभी केली आणि पोळ्याला बैलांच्या ओवाळणीत तिच्याही कपाळाला कुंकू लावलं. गाडीचं कपाळ कुठं असतं हे विचारू नका, बापूजींना ते बरोबर सापडलं होतं. मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गढूळ झालेले. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "पाहाले आता राह्यलंच काय?" पण हात शाबूत होता. रोज दिवेलागणीच्या आधी काठी टेकत गोठ्यात जायचं, बैलांच्या वशिंडावरून, पाठीवरून, पोटाखालून तळवा फिरवायचा, आणि मग त्याच हातानं बॉनेटपासून डिक्कीपर्यंत गाडी. कुठं सूज आहे, कुठं गोचीड चिकटलाय, सगळं तळव्याला कळायचं. गाडीला गोचीड होत नाही हे त्यांना सांगायची कोणाची टाप नव्हती.

गाडीबरोबर एक अटही घरात आली होती. बापूजींनी किल्ली मुलाच्या, म्हणजे मनोहररावाच्या, हातात ठेवतानाच सांगितलं, "चालव. पन एक डाव ठोकली का मी इकली. मंग जाय आपला बैलबंडीनं, पयलेसारखा." बापूजी बोलले म्हणजे बोलले; विकणार म्हणजे विकणारच. त्यांनी एकदा चहा सोडतो म्हटलं होतं, तर आजतागायत कप तोंडाला लावला नव्हता.

मनोहररावाची चाळिशी उलटली होती, बागेचं सगळं तोच बघायचा, तरी गावात त्याची ओळख म्हणजे बापूजींचा पोट्टा. गाडी आली आणि तो मनोहरराव झाला. नागपुरात संत्र्याचा व्यापारी पूर्वी गादीवरून मान हलवायचा, तो आता उठून दारापर्यंत यायचा. हसू नका. ज्याचा बाप गावभर बापूजी असतो, त्यालाच हे दुखणं कळतं. ती गाडी गेली असती तर मनोहररावाच्या नावातला राव तिच्याबरोबर गेला असता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि अशी ती गाडी फाल्गुनातल्या एका सकाळी सावनेरच्या रस्त्यावर बाभळीवर गेली.

म्हैस आडवी आली. तुम्ही म्हणाल, म्हशी येतातच आडव्या. येतात हो, पण आडवी येऊन मधोमध थांबणारी आणि वर तुमच्याकडे असं बघणारी, की चूक तुमचीच आहे, अशी म्हैस नशिबात असावी लागते. मनोहररावानं चाक फिरवलं. म्हैस वाचली. बाभळीलाही फारसं काही झालं नाही. गाडीचा डावा मडगार्ड मात्र चेंबला, दिवा फुटला, आणि स्टिअरिंग छातीवर असं बसलं की थोडा वेळ श्वास कुठून घ्यायचा तेच त्याला आठवेना. श्वास आला तसा पहिला विचार आला तो छातीचा नाही, बापूजींचा.

एवढं एक बरं होतं की व्यापाऱ्याकडं काम होतं आणि तो उद्या संध्याकाळी परत येणार असं घरी सांगून निघाला होता. वाटेवरच्या एका बंडीवाल्याची पहार घेऊन त्यानं चाकात रुतलेला पत्रा ओढून काढला आणि तशीच काणी गाडी घेऊन नागपुरात सीताबर्डी गाठली. तिथं मागच्या गल्लीत मधुकरराव पेंटरचं आवार होतं. आवार म्हणजे एक कडुनिंब आणि त्याखाली जी काय सावली पडेल ती.

"काम होईन," मधुकरराव मडगार्डाकडं बघून म्हणाला, "पन घाई करू नका."

"उद्या दिवस बुडाच्या आत मले खाप्यात पायजे," मनोहरराव म्हणाला. घाई याहून वेगळी कशी असते कोण जाणे.

मधुकररावानं पत्रा ठोकून सरळ केला, नवा दिवा बसवला, खळग्यांत लांबी भरली, पाणी मारमारून घासली. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगाची वेळ आली तेव्हा त्यानं जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला आणि खळ कालवायला घेतली.

"हे काय करून राह्यला?" मनोहररावानं विचारलं.

"गाडी झाकून राह्यलो जी. मंग मडगार्डावर फवारा मारतो."

"झाकाले किती वेळ लागते?"

"नीट झाकलं त दोन घंटे."

मनोहररावानं सूर्याकडं पाहिलं. मग त्याच्या डोक्यात जो विचार आला, तो त्याला त्या वेळी फार हुशारीचा वाटला. "रंग पांढरा, गाडी पांढरी. उडाला चार थेंब त पांढऱ्यावर पांढरं कोनाले दिसते? राहू दे तुह्या रद्दीले."

"तुमची गाडी, तुमची मर्जी," मधुकरराव म्हणाला, आणि पुढच्या काचेवर एक वर्तमानपत्र चिकटवून त्यानं फवारा सुरू केला. फाल्गुनाचा वारा तुम्हाला ठाऊक आहे. तो एका जागी बसणारा वारा नव्हे. रंगाचं पांढरं धुकं मडगार्डावरून उठलं, दारांवर टेकलं, टपावरून लोळलं आणि पार डिक्कीपर्यंत फिरून आलं. मनोहरराव मात्र मडगार्डच बघत होता. कुठं चेंबला होता ते त्याचं त्यालाही ओळखू येईना, इतकं सुरेख काम झालं होतं. दिवस कलताना तो खाप्यात शिरला तेव्हा खुशीत शीळ घालत होता.

गाडी गोठ्यात लागली. बापूजी आले. दोन्ही बैल झाले. मग तळवा बॉनेटवर पडला आणि पडला तिथंच थांबला.

"मनोहर."

"जी."

"हिच्या आंगावर काटा आला गा."

मनोहररावानं पुढं होऊन हात लावला. डोळ्यांना लोण्यासारखी दिसणारी गाडी हाताला रव्यासारखी खरखरीत लागत होती. बॉनेट, दारं, टप, सगळीकडं.

"धूळ हाये बापूजी," तो म्हणाला. "कन्हानकडून आलो. कोळशाच्या खानीची धूळ उडून राह्यली होती."

"नागपूरवरून खाप्याले याले कन्हानले कायले गेला?"

"एक व्यापारी होता."

"बरं." बापूजींनी तळवा डाव्या बाजूनं पार डिक्कीपर्यंत नेला. "मंग न्हाऊ घाल तिले."

बापूजी गेल्यावर मनोहररावाची बायको पुष्पलता कंदील घेऊन आली. तिनं मागच्या काचेवर बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "कोळशाची धूळ आन् थे बी पांढरी?" नाइलाजानं मनोहररावानं तिला सांगितलं, पण अर्धंच. गाडी झाडाला जरा चाटून गेली, एवढंच. छातीचं तो बोलला नाही. पुष्पलतानं दुसऱ्या दिवशी त्याचं दाढीचं पातं घेतलं, साबणाच्या पाण्यानं काचा खरवडल्या आणि आरशासारख्या केल्या. पातं पत्र्याला लावता येत नव्हतं. तिथं शिकेकाई झाली, ताक झालं, राख झाली. काटा तसाच.

त्या संध्याकाळी बापूजींनी पुन्हा हात फिरवला. "न्हाऊन बी जात नाही."

मनोहररावानं रात्रभर विचार करून नवं कारण तयार ठेवलं होतं. "बागेतलं औषध असन बापूजी. चुना-मोरचूद फवारलं, थे वाऱ्यानं आलं."

बापूजींनी बोट गाडीवर घासलं आणि जिभेला लावलं. मनोहररावाचे डोळे पांढरे झाले. म्हातारा बराच वेळ चव घेत उभा राहिला, मग बाजूला थुंकून म्हणाला, "मोरचूद नाही. आन् या मयन्यात फवारते कोन?"

मग त्यांनी शेजारच्या चंपतरावाला हाक मारली. या चंपतरावाचं लक्ष स्वतःच्या बागेपेक्षा दुसऱ्याच्या अंगणात जास्त. तो टपकलाच. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "कुठं काय हाये बापूजी? चकचकीत त हाये."

"डोये काय फाडतं? हात लाव."

चंपतरावानं हात लावला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "होय गा. खरबड हाये." झालं. दुसऱ्या दिवशी खाप्यातलं निम्मं गाव गाडीला हात लावून गेलं. कोणी म्हणालं दव बाधलं, कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं पेट्रोल गरम पडलं. मनोहरराव प्रत्येकाला हो म्हणत होता. शेवटी बापूजींनी निदान केलं, "खरूज हाये. करंजाचं तेल आन् गंधक. बैलाले जे चालते थे हिले बी चालन. मनोहर, तूच लाव. रोज."

आता सांगा, काय करणार बिचारा? सकाळी सकाळी अँबेसेडरला करंजाचं तेल चोपडायचं. त्या वासानं बैल तोंड फिरवून उभे राहात. कोंबड्या टपावर चढत आणि त्यांची पिसं तेलाला चिकटून बसत. मनोहरराव बायकोला म्हणाला, "यापेक्षा इकली असती त बरं झालं असतं." पण त्याला तसं वाटत नव्हतं. त्याला आतून सारखी धडकी भरत होती, की उद्या म्हातारा म्हणेल, खरूज जात नाही, पेंटरला बोलवा. आणि कोणताही पेंटर मडगार्डाकडं एकदा बघेल आणि सगळं सांगून टाकेल.

तेव्हा तोच एस.टी.नं सीताबर्डीला गेला आणि मधुकररावापुढं उभा राहिला.

"म्या म्हटलं होतं का नाही, झाकू द्या म्हनून?" मधुकरराव म्हणाला.

"म्हटलं होतं."

"तुमी काय म्हटलं?"

"आता जाऊ दे ना गा. काहाडाचं कसं थे सांग. थिनर लावू काय?"

"थिनर लावसान त काटा बी जाईन आन् खालची चामडी बी. हे घ्या." त्यानं कालवलेल्या चुन्यासारखा घट्ट पॉलिशचा लेप भरलेला डबा पुढं ठेवला. "कोष्ट्याकडचं तुटकं सूत आना, भिजवा, त्यावर हे घ्या आन् घासा. हातभर जागा, मंग पुढची. जोर द्याचा नाही, कटाळा कराचा नाही."

"मीच घासू?"

"गाडी इथं आनसान त म्हातारबाले काय सांगसान?"

मनोहरराव डबा धोतरात लपवून घरी आला आणि त्याची दुपारची नोकरी सुरू झाली. जेवण झालं की बापूजी ओसरीवर आडवे होत आणि घोरू लागत. घोरणं सुरू झालं की मनोहररावाचा हात सुरू. घोरणं थांबलं की हात थांबे. मध्येच घोरण्याचा ताल बदलला की तो डबा गव्हाणीत सारून बैलाला खाजवायला लागे. ज्या माणसानं लहानपणापासून तांब्या घासला नव्हता, तो त्या गाडीचं एकेक दार आईनं बाळाचं अंग पुसावं तसं पुसत होता. घासताना छातीत डावीकडं कळ यायची, मग तो थोडा थांबायचा.

"छातीवर हात काहून ठेवता जी?" पुष्पलतानं एकदा विचारलं.

"जोर लागते वं," तो म्हणाला.

आणि रोज संध्याकाळी तपासणी. बापूजी तळवा फिरवत आणि निकाल सांगत. "आज डावं दार बरं झालं." दुसऱ्या दिवशी, "उजव्या दाराच्या मुठीखाली अजून हाये." मग, "टपावर मधात काहून सोडलं? तेल पोचत नाही वाट्टे तिथं." मनोहरराव दुसऱ्या दुपारी बरोबर तिथं घासायचा. करंजाच्या तेलाची कीर्ती गावभर झाली. चंपतरावानं ते आपल्या सायकलला लावून पाहिलं, आणि आठवडाभर त्याच्या धोतराला वास येत होता. आपला बाप किती भोळा आहे, असं मनोहररावाला वाटू लागलं होतं आणि त्याची त्याला थोडी दयाही येत होती.

होळीच्या तोंडावर एकदाची डिक्की उरकली. त्या संध्याकाळी बापूजींनी अख्ख्या गाडीवरून हात फिरवला, घाई न करता, कडाकडांनी, दिव्यांच्या खोबणीत बोटं घालून. मनोहरराव खांबाला टेकून बघत होता.

"काटा गेला," बापूजी म्हणाले.

मनोहररावाला असा आनंद झाला की त्याला बैलाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. गाडी राहिली. राव राहिला. बापूजी गव्हाणीच्या काठावर बसले आणि शेजारी थोपटून म्हणाले, "बस."

तो बसला.

"मनोहर, बाग कोनं शिकवली तुले?"

"तुमीच त."

"फवारा मारला त थेंब जाड कुठं पडते?"

"पंपाजोळ."

"आन् जसं लांब जावं तसं?"

"बारीक," मनोहरराव म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याची नजर गाडीकडं गेली.

"पयल्या दिवशी डाव्या दारावर रवा होता, डिक्कीवर मैदा. आन् डावा मडगार्ड?" बापूजी म्हणाले. "साऱ्या आंगावर काटा, आन् थो एकटाच गुळगुळीत. साऱ्या बागेत फवारा कोनत्या झाडासाठी आनला होता, थे आंधयाले बी समजते गा."

मनोहररावानं जे सुचलं ते विचारलं, "मंग थे करंजाचं तेल?"

"थे गाडीसाठी नव्हतं, तुह्यासाठी होतं. म्हटलं, लावता लावता कटाळन आन् सांगन. तू त पार चमकवूनच सोडली."

आता काही उरलं नव्हतं. मनोहररावानं खिशातली किल्ली काढली आणि बापाच्या हातात ठेवली. रडू येत होतं, पण या वयात गोठ्यात बसून रडणं बरं दिसलं नसतं. "इका बापूजी. तुमी बोलले होते. म्या ठोकली."

"गाडीचं मले नको सांगू." म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दिवा नवा हाये, त्याच्या मागचा पत्रा ठोकला हाये, म्हंजे चाटून नाही गेली, जोरात बसली. तू गाडी ठोकल्याचं लपवलं, थे मले समजते. अटच म्या तशी घातली होती. पन तू वाचला, थे काहून लपवलं गा?"

मनोहररावाचा हात छातीवर गेला.

"मारुतीले नारळ फोडला असता. सुनंनं साखर वाटली असती. घरातला मानूस वाचला, आन् घरात कोनाले मालूम नाही, हे कोनतं वागनं? रोज गाडीवर हात फिरवून राह्यलो, का आज सांगन, उद्या सांगन. एक शब्द नाही तुह्या तोंडून. कोनाले लागलं, कुठं लागलं, मी कोनाले विचारू? गाडीले?"

मनोहररावाचा बांध फुटला. बरं दिसो की न दिसो, तो रडला. "बापूजी, छातीत दुखते," तो म्हणाला. आठ-दहा वर्षांचा असताना बोलायचा, अगदी तसा.

"कोनत्या बाजूनं?"

"डाव्या."

"श्वास घेताना?"

"घेताना. आन् घासताना."

"आन् काय होतं आडवं?"

"म्हैस."

"तिले लागलं काय?"

"नाही."

"चांगलं झालं." बापूजींनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं, आणि मग डोळे का पुसले ते त्यांनी सांगितलं नाही. मग त्यांनी घराकडं तोंड करून पुष्पलताला आवाज दिला, की उद्या सकाळी मनोहरला सावनेरच्या डॉक्टरकडं न्यायचं आहे, तूही चल, आणि येताना मारुतीला थांबायचं, नारळ बरोबर घे.

मनोहररावानं डोळे पुसले. "जाचं कशानं? सकाळच्या एस.टी.नं?"

"दारात गाडी असून एस.टी.नं?" बापूजींनी किल्ली त्याच्या मांडीवर टाकली.

"मंग इकाची नाही?"

"इकून काय होईन? तू मंग दुसऱ्या कोनाची चालवशीन," बापूजी काठी शोधत म्हणाले. "आन् तू धड हाये का नाही थे समजाले त्याच्या गाडीले मी हात लावाले कुठं जाऊ?"

मनोहररावानं काठी उचलून त्यांच्या हातात दिली, आणि दोघं घरात जेवायला गेले.